ठेंगण्या खुंट्या

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मोठे साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले उत्पादक संघाचे प्रमुख, ज्यांना सारं गाव नुसतं ‘भाऊ’ म्हणतं. शिक्षण, आरोग्य आणि पोलीस खात्यांतून वेळात वेळ काढून आलेले अधिकारी. समोरचे कारखानदार, माझे सहकारी, भगिनी. आणि पहिल्या रांगेत तुम्हा सगळ्यांच्या फोनांची टोपली मांडीवर घेऊन बसलेले माझे यजमान, आपणा सर्वांना नमस्कार.

हे भाषण मी लिहून आणलं आहे, आणि ते हौसेनं नाही. मला तशी ताकीद मिळाली आहे. मागच्या वर्षी आमच्या हेडक्लार्कच्या निरोपाला मी आयत्या वेळी चार शब्द बोलले. त्यांच्या कारकिर्दीत एकही फाइल हरवली नाही, असं जो तो सांगत होता. मी फक्त एवढंच म्हणाले, की हरवली नाही हे खरं, पण सापडलीही नाही. त्यावर दोन पाहुणे चहा न घेता निघून गेले. म्हणून या खेपेला साहेबांची चिठ्ठी आली : ‘भाषण लिहून आणावे, आदल्या दिवशी दाखवावे.’ लिहिलं. दाखवलं. साहेबांनी पानं मोजली, पाच भरली, आणि “छान झालंय” म्हणाले. पाचव्या पानाचा खालचा अर्धा भाग कोरा आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटलं. त्या कोऱ्या भागावर मी शेवटी येणार आहे. घाई करू नका. माझी नोकरी पावणेसहाला संपते. आत्ता पाचला दहा कमी आहेत. म्हणजे अजून पंचावन्न मिनिटं मी तुमची निरीक्षक आहे.

फोनांचं म्हणाल, तर तो नियम साहेबांचाच. गेल्या समारंभात कुणाचा तरी फोन ऐन सत्कारात वाजला आणि त्यात गाढव ओरडलं. तेव्हापासून दारातच फोन जमा. मी या नियमाचं मनापासून स्वागत करते. इतका उपयोगी नियम आमच्या खात्यात तेहेतीस वर्षांत झाला नाही.

तेहेतीस वर्षं मी एकच काम केलं. लहान मुलांना कामावरून उठवायचं आणि शाळेत बसवायचं. ऐकायला किती सोपं! सरकारनं त्यासाठी काय काय केलं, ते मी उभ्या उभ्या सांगू शकते. कायदा केला. तो बदलला. बदललेलाही बदलला. भित्तिपत्रकं छापली, त्यावर हसरं मूल काढलं. जनजागृतीच्या फेऱ्या काढल्या. एका फेरीत मी स्वतः होते. भर उन्हात चौथीची मुलं ‘मुलांना राबवू नका’ असे फलक घेऊन तीन तास चालत होती. एका मुलीनं मला विचारलं, “बाई, हा फलक कुणी मोठ्यानं धरला तर चालणार नाही का?” मी तिच्या हातातून घेतला आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या हातात दिला. ते आज इथे आहेत. त्यांना आठवत असेल. आठवतंय ना? मान हलली, हलली.

हसू नका. तेव्हा मीही काही शहाणी नव्हते. पहिली दहा वर्षं मी सुटका मोजत होते. या वर्षी चाळीस, पुढच्या वर्षी पंचेचाळीस. एका गॅरेजमधून मी एका मुलाला सोडवलं, दोन वर्षांनी भट्टीवरून सोडवलं, आणि आणखी वर्षानं खानावळीच्या मोरीतून. तिसऱ्या खेपेला त्यानं मला लांबूनच ओळखलं. फडक्याला हात पुसत म्हणाला, “बाई, या वेळी केळी आहेत की बिस्किटं?”

माझ्या वहीत तो तीन मुलगे होता. घरी येऊन मी यांना सांगितलं. हे गणिताचे मास्तर. म्हणाले, “तू बेरीज करतेस. वजाबाकी कोण करणार?” त्या दिवसापासून मी नियम केला. मुलाला उठवायच्या आधी त्याची शाळा, त्याची खोली, त्याच्या आईचं काम, तिन्ही ठरलेली असली पाहिजेत. नाहीतर आपण मुलाला नुसतं हवापालट करून आणतो. सरकारच्या निवासी शाळा आहेत, आईला मिळणारा भत्ता आहे. या गोष्टी कागदावर चांगल्या आहेत आणि, आश्चर्य म्हणजे, पाठपुरावा केला तर प्रत्यक्षातही चांगल्या आहेत. फक्त पाठपुरावा करणाऱ्या बाईला लोक ‘कटकट’ म्हणतात. मला म्हणायचे. माझी हरकत नव्हती.

आता आमच्या तपासणीची पद्धत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे या सभागृहात साधारण दोघांसाठी. कारखाना तपासायचा तर आधी पत्र काढायचं. पाच प्रतींत. एक पोलिसांना, एक शिक्षणाला, एक आरोग्याला, एक साहेबांना, एक फाइलला. मग ठरल्या दिवशी सगळ्यांनी मिळून धाड घालायची. आम्ही गेलो की कारखाना कसा झाडून पुसून लख्ख! पन्नाशीच्या बायका रांगेत बसलेल्या, नव्या कोऱ्या टोप्या घालून, आणि यंत्राचं बटण कुठे आहे ते एकमेकींना विचारताहेत.

एकदा मला आमच्याच पत्राची सहावी प्रत दिसली. भाऊंच्या कचेरीत, फळ्यावर टाचणीनं लावलेली. आमच्या प्रतींत शाई फुटलेली होती, त्यांची मात्र स्वच्छ. भाऊ तोंडावर खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा गुण मी आज जाहीर सांगते. उलट त्यांनी मला फोन केला होता. “बाई, पत्रात वार गुरुवार लिहिलाय आणि तारीख शुक्रवारची आहे. नक्की कधी येताय? म्हणजे आम्हाला तसं बघायला बरं.”

भाऊ, हसताय? हसा. मीही घरी जाऊन हसले होते. नंतर रडले, पण ते घरात.

भाऊंचा तयार कपड्यांचा कारखाना तुम्ही रस्त्यावरून पाहिला असेल. खाली शिलाई, वरच्या मजल्यावर धागेकाम. शर्ट शिवून झाला की शिवणीपाशी धाग्यांची टोकं लोंबतात, ती छोट्या कात्रीनं कापायची. एका शर्टाला तीस-पस्तीस टोकं. बारीक बोटांचं काम. आठ महिन्यांपूर्वी आम्ही पत्र पाठवून, म्हणजे बोलावल्यासारखे, तिथे गेलो. वर सोळा बायका. चपला सोळा जोड, सगळ्या मोठ्या मापाच्या. चपलांवरून मी पकडते हे त्यांना ठाऊक झालं होतं. पण भिंतीकडे कुणी पाहिलं नव्हतं.

भिंतीवर डबे अडकवायला खुंट्या होत्या. सोळा. माझ्या कमरेच्या उंचीला.

मी मॅनेजरला विचारलं, “या इतक्या खाली का?”

“आमच्याकडच्या बायका जरा ठेंगण्या आहेत, बाई.”

“सोळाच्या सोळा?”

“एका गावच्या आहेत.”

समोर सोळाजणी उभ्या. त्यातली एक माझ्यापेक्षा हातभर उंच. मी तिला म्हटलं, “ताई, तुमचा डबा काढून दाखवा.” ती बिचारी पार ओणवी झाली आणि म्हणाली, “डबा आणलेलाच नाही. आम्हाला दोन तासांसाठीच बोलावलंय.” मॅनेजरनं कपाळावर हात मारला. तेव्हापासून कारखानदारांत माझं नाव ‘खुंटीबाई’ पडलं. माझ्या मागे म्हणतात, पण माझे कान शाबूत आहेत.

मी कोपऱ्यातली शर्टांची खोकी उघडायला लावली. तिसऱ्या खोक्यात एक मुलगी निघाली. लांब वेणी, वेणीत धाग्यांची टोकं अडकलेली. पाय पोटाशी घेऊन बसली होती. मी खाली बसले.

“वय किती गं?”

“अठरा.”

“धाकटी बहीण आहे?”

“आहे.”

“तिचं वय?”

“अठरा.”

“आणि आईचं?”

ती घुटमळली. मॅनेजरकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “आईचंपण अठराच असेल.”

मॅनेजर म्हणाला, “पोरगी हुशार आहे.”

“पोरगी?” मी म्हटलं.

“म्हणजे, बाई.”

मी मागायच्या आत टेबलाच्या खणातून दाखला निघाला. वय अठरा, डॉक्टरची सही, त्याच दिवसाची तारीख. शाईला बोट लावलं तर बोट निळं झालं. पण दाखला तो दाखला. त्या दिवशी माझ्या हातात दुसरा कागद नव्हता, मुलीला ठेवायला ठरलेली जागा नव्हती, आणि कायद्यानं ती माझ्यादेखत मोठी झाली होती. मी तिला तिथेच ठेवून निघाले. तेहेतीस वर्षांत मी बऱ्याच चुका केल्या, पण जिना उतरताना इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ती जिन्यापर्यंत मागे आली. म्हणाली, “बाई, परत याल?”

“येईन.”

“मग सांगून येऊ नका. तुम्ही सांगून आलात की आम्हाला पाण्याच्या टाकीमागे, नाहीतर खोक्यात बसवतात. तिथं खोकता येत नाही.”

हे मला एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीनं शिकवलं. आमच्या प्रशिक्षण केंद्रात दर वर्षी तीन दिवस चहा-नाश्त्यासह शिबिर होतं. तिथे हे कुणी सांगितलं नाही.

मी ‘येईन’ म्हटलं खरं, पण कशी येणार? पत्र काढलं की सहावी प्रत निघणार. नाही काढलं, तर साहेबांच्या परवानगीशिवाय गेले म्हणून धाडच बेकायदा ठरणार. त्यात गेल्या महिन्यात भाऊंचा अर्ज आला. वरचा मजला दुसऱ्या गावी हलवायचा आहे. तारीख, उद्याची. नव्या जागेचा पत्ता, ‘लवकरच कळवू’. आणि माझी निवृत्ती आज. तुम्ही म्हणाल योगायोग. मी भाऊंना तेवढं कमी लेखत नाही.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला एक छापील कागद दिला. ‘या विभागात आज रोजी काम करणाऱ्या बालकांची संख्या’, आणि पुढे चौकोन. चौकोनात शून्य आधीच छापलेलं. फक्त माझी सही हवी होती. उद्या सकाळी गावाच्या वेशीवर ‘बालमजुरीमुक्त विभाग’ अशी पाटी लागायची आहे. पाटी रंगवून तयार आहे. मी पाहिली. अक्षर सुरेख आहे.

मी साहेबांना म्हटलं, “सही आजची आज करते. निरोप समारंभात, सगळ्यांसमोर.” साहेब खूश झाले. म्हणाले, “वा, समारंभाला शोभा येईल.” तो कागद इथे माझ्याजवळ आहे. पेनही आहे.

आता जरा निमंत्रणाबद्दल बोलते. या समारंभाचं पत्र मी स्वतः काढलं, नेहमीसारखं पाच प्रतींत. तीच खाती, तेच पत्ते. फक्त विषय ‘तपासणी’ नव्हता, ‘निरोप’ होता. आणि काय सांगू, तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा सगळे वेळेवर आले! भाऊंनी तर सभागृहाचं भाडं भरलं, हार आणले आणि मॅनेजरलाही सोबत आणलं. ते बघा, तिसऱ्या रांगेत. बसा, मॅनेजरसाहेब. दाराकडे काय बघताय? अजून चहा व्हायचाय.

पोलीस अधिकारी महोदय, समारंभाच्या बंदोबस्तासाठी मी आपल्याकडे दोन महिला पोलीस मागितल्या होत्या. आपण दिल्यात, आभारी आहे. दारात त्या आपल्याला दिसल्या नसतील. त्या बंदोबस्तावरच आहेत, फक्त दुसऱ्या दारात. आमचे धाकटे निरीक्षकही तुम्हाला इथे दिसत नाहीत. कुणी म्हणालं, बाईंच्या निरोपालाही आला नाही, काय ही पिढी! त्याला बोल लावू नका. तो पावणेपाचला भाऊंच्या कारखान्याचा जिना चढला आहे. सोबत सरकारी रुग्णालयातली डॉक्टर आहे, वय स्वतः तपासणारी, आणि निवासी शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत.

भाऊ, पाणी हवंय का? नको? मग बसा. फोन? टोपलीत आहे. आमच्या यांच्याकडून आजवर उत्तरपत्रिका कुणी परत घेऊ शकला नाही, फोन कसला घेताय?

साहेब, आपला चेहरा उतरला. काळजी करू नका, धाड पूर्ण कायदेशीर आहे. आदेशावर आपलीच सही आहे. परवा मी चाळीस कागद घेऊन आले होते, त्यातला सत्ताविसावा. मी तीनदा म्हटलं, “साहेब, वाचून घ्या.” आपण म्हणालात, “तुमचे शेवटचे कागद, त्यात काय वाचायचं?” एका विश्वासानं आपण सही केलीत. तो विश्वास मी वाया जाऊ दिला नाही. उद्याच्या वर्तमानपत्रात नाव आपलंच येईल. बघा, जरा बरं वाटलं ना? ताठ बसलात.

भाऊ काहीतरी म्हणताहेत. मोठ्यानं बोला, मागे ऐकू जात नाही. काय? “आईबापच पाठवतात, आम्ही काय करणार?” बरोबर आहे तुमचं. पाठवतात. मी गेल्या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी एकेक घर करून सोळा आयांना भेटले. एक म्हणाली, “मुलीला काढा, पण मग चूल तुम्ही पेटवा.” मी तिच्याशी वाद घातला नाही. भत्त्याचा अर्ज तिथेच बसून भरला. ती वाचता येत नाही म्हणून लाजली, मी म्हटलं, माझे साहेबही न वाचताच सही करतात. सोळा अर्ज मंजूर आहेत. आणि धागेकाम बंद पडणार नाही, भाऊ. तुमच्या वरच्या मजल्यावर त्याच सोळा आया सोमवारपासून येतील, पूर्ण मजुरीवर. खुंट्या मात्र वर घ्या. त्यांचे गुडघे दुखतात.

आता पाच वाजून बत्तीस मिनिटं झाली. मागचं दार उघडलं, आमचे धाकटे निरीक्षक आले. या, चिरंजीव. असे पुढे या. कानात नको सांगूस, माईकवर सांग. घाम पूस आधी.

“किती?”

“सतरा, बाई.”

“सतरा? खुंट्या तर सोळा होत्या.”

“दोघी एकाच खुंटीला डबा अडकवत होत्या. बहिणी आहेत. धाकटी गेल्या महिन्यातच आली.”

“टाकीमागे?”

“कुणी नाही, बाई. सगळ्या आपापल्या जागेवर. कुणी काही सांगितलंच नव्हतं. एक वेणीवाली तर मला बघून म्हणाली, बाई का नाही आल्या?”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, बाई भाषण करताहेत. ती म्हणाली, अजून?”

बघा. हिच्यासाठी मी चाळीस मिनिटं घसा कोरडा केला, आणि हिचं हे! पोर वेळेची पक्की आहे. शाळेत उपयोग होईल. सतरावा अर्ज तुझ्या नावावर, चिरंजीव. आईला उद्या सकाळी भेट, आणि बिस्किटं घेऊन जाऊ नकोस.

मंडळी, भाषण संपत आलं. आपण सर्वांनी, विशेषतः भाऊंनी, ज्या चिकाटीनं जागेवर बसून ऐकलंत त्याबद्दल ऋणी आहे. सहकाऱ्यांनी मला तेहेतीस वर्षं सोसलं, यांनी त्याहून जास्त. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, उणंदुणं निघालं असेल, तर ते पोटात घाला. पण ही माफी फक्त बोलण्यापुरती. केल्याबद्दल नाही.

आता ते पाचवं पान. खालच्या कोऱ्या जागेत मी आत्ता तुमच्यासमोर लिहिते आहे, आणि लिहिता लिहिता वाचते. कार्यभार सुपूर्द केल्याची नोंद.

धाकट्या निरीक्षकांकडे : कपाटाच्या किल्ल्या दोन. शिक्का एक. मोजपट्टी एक, खुंट्यांची उंची मोजायला. चपला आता कुणी विसरत नाही. तीन वेळा सुटलेल्या त्या मुलाचा पत्ता. तो आता स्वतःचं गॅरेज चालवतो आणि तिथे कुणी लहान दिसलं तर कळवतो.

मोठ्या साहेबांकडे : छापील कागद एक. चौकोनातलं शून्य खोडून तिथे सतरा लिहिलं आहे. सही केली आहे. साहेब, हा मात्र वाचून घ्या.

भाऊंकडे : त्यांनी आज दिलेलं मानचिन्ह, न उघडता परत.

निवासी शाळेच्या मुख्याध्यापिकांकडे : मुली सतरा, वेळ पाच वाजून वीस मिनिटं, पोच चिरंजीवांनी आत्ता हातात दिली, मागे डॉक्टरांची नोंद आहे. त्यांतल्या लांब वेणीच्या मुलीचं वय डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आधी ती ‘अठरा’ म्हणाली. मग मॅनेजर खोलीत नाही हे बघून तिनं बोटांवर मोजलं आणि दुरुस्ती केली : दहा पूर्ण, अकरावं चालू.